राखेचा डबा

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

काल गाडी सुटेपर्यंत तू धड बोलली नाहीस. बॅगेतला राखेचा डबा काढून ठेव, एवढंच म्हणालो होतो. असो. त्यावर लिहायचं नाही असं ठरवलंय.

आदल्या रात्री तू झोपल्यावर तुझं चित्र उलगडून बघत बसलो होतो. ओबीचा, म्हणजे कोळशावरची काढून टाकलेली माती-दगड यांचा, डोंगर अगदी आपल्या खाणीतला! खणताना काळी माती आधी निघते, आधी टाकली जाते, म्हणून ढिगात ती तळाशी जाते आणि खोलातला पिवळट रेतीचा दगड माथ्यावर येतो. सगळी जमीन उलटी. मुंबईच्या लोकांना हे कळेल की नाही देव जाणे, मला कळलं. त्याच ढिगावर मी डंपर रिकामे केलेत. माती साधारण ३७ अंशांच्या उतारावर आपोआप थांबते. तुझी रेघ तशीच उतरलीय. पावसाने पडलेल्या घळीतली सुबाभूळसुद्धा सोडली नाहीस. फार अभिमान वाटला गं.

पण आभाळाला राख कशाला? तू फ्रेंच चित्रकार मोनेचं सांगितलंस, त्याने १८९९ ते १९०१ मध्ये लंडनचा कोळशाचा धूर रंगवला. हो, पण तेलरंगात. त्याने तो धूर चाळणीतून चाळला नव्हता. वीज केंद्राच्या राखेत सिलिका असते, बारीक कण फुफ्फुसात बसला की बसला. वामनकाकांचं तू बघितलंस. चाळायचीच असेल तर आधी ओली कर, मग डिंकात घोट, तोंडाला चांगला मास्क लाव. खोलीत तर करूच नको, रूममेटलाही त्रास. दम्याचा पंप उशाशी ठेव.

झालं, पुन्हा शिकवायला लागलो. माफ कर बेटा. डिसेंबरात तू रात्र रात्र उशीला टेकून बसायचीस, आई पाठ चोळायची. मी सेकंड शिफ्टहून आलो की कपडे बाहेरच काढायचो, तरी तू खोकायचीस. ते काही डोक्यातून जात नाही.

रंग तुझा, आभाळही तुझं. राखेशिवाय ते तसं दिसलं नसतं, हे मलाही दिसतंय. मास्कचं तेवढं ऐक.

प्रदर्शनाची तारीख पक्की झाली की कळव, रिझर्व्हेशन करतो. आईही येणार म्हणते. तिच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, तिथे लिफ्ट आहे का विचारून ठेव.

तुझा,
बाबा