चिलखताच्या आतलं कापड

दादू,

फोनवर तू "ठीक आहे", "हो", "बघू" एवढंच बोलतोस, मग मेसचं जेवण, सबमिशन, बसचं रिझर्वेशन, आणि फोन बंद. म्हणून लिहितीये. लांब होणार आहे, एका दमात वाचायची सक्ती नाही, पण वाच.

तुझा तो नवीन डीपी. लोखंडी टोप घातलेला नाइट, म्हणजे युरोपातला जुना चिलखतवाला घोडेस्वार, चेहरा दिसत नाही आणि खाली मला कुणाची गरज नाही अशा अर्थाचं इंग्लिश वाक्य. बाबा म्हणाले पोरांचं असतंय तसलं. असेल. पण मी टेलर, कुणी काही अंगात घातलेलं दिसलं की ते आतनं कसं शिवलंय हेच माझ्या डोक्यात पहिलं येतं, त्यामुळं हल्ली काजबटण करताना सीरियलऐवजी मी असल्या चिलखतांचेच व्हिडिओ लावून ठेवते, बाबा वैतागलेत.

तर पहिलं सांगायचं म्हणजे तुझा तो टोप लढाईतला नाहीच. डोळ्यापुढं नुसती एक चीर आणि खालचा भाग बेडकाच्या तोंडासारखा पुढं आलेला, तो टोप भाल्यांच्या खेळातला. घोड्यावरून समोरासमोर दौडत यायचं आणि एकमेकावर भाला मोडायचा, गर्दी बघायला. तो टोप छातीच्या पत्र्याला पक्का केलेला असायचा, मान वळायची नाही, पुढं वाकलं तरच समोरचं दिसायचं आणि धडकेच्या वेळी मान ताठ केली की काहीच दिसायचं नाही. खेळापुरतं ते बरोबरच होतं म्हणा, फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री 1559 मध्ये असल्याच खेळात भाल्याची ढलपी टोपातनं आत घुसून जखमी झाला आणि दहा दिवसांनी गेला. पण रणात हा टोप घालून कोण जाईल, आंधळा माणूस तिथं किती वेळ टिकणार. सगळ्यात मर्दानी दिसणारं चिलखत ते बघ्यांसमोर घालायचं, ही गंमत मला लई आवडली.

दुसरं, आणि हे कळलं तेव्हा मी बाबांना दुकानात ओरडूनच सांगितलं, की लंडनच्या शिंप्यांची जी जुनी संघटना आहे ना, 1327 ची राजाची सनद असलेली, ती शिंपी आणि कापडी चिलखतवाले अशा दोघांची मिळून होती. कापडी चिलखत म्हणजे आत भरण घालून, दाट टाके मारून केलेले जाड डगले, नुसते पण घालायचे आणि लोखंडाच्या आतनं पण. म्हणजे आपल्याच धंद्यातली माणसं! लोखंड बाहेरनं चमकतं, सगळं कौतुक त्याचं, पण उघड्या अंगावर पत्रा बांधला तर तासाभरात कातडं सोलून निघेल, आणि वरनं गदेचा दणका बसला तर पत्रा धड राहील पण आतलं हाड? तो दणका कापड खातं.

15 व्या शतकातला एक इंग्रजी कागद आहे, माणसाला चिलखत कसं चढवायचं याचा. त्याची सुरुवातच कपड्यापासून आहे. आत शर्ट नको, जाड कापडाचा डगला, त्याला साटीनचं अस्तर, भोकं पाडलेली. काखेत आणि कोपराच्या घडीत जिथं पत्रा पोचत नाही तिथं कड्यांच्या जाळीचे तुकडे डगल्यालाच शिवलेले. आणि पत्रे बांधायच्या नाड्या कशा तर मोच्याचं मेण लावलेल्या, म्हणजे ताणत नाहीत आणि तुटत नाहीत. हे ऐकलं आणि मला तुझे आजोबा, आपले अण्णाच दिसले, काजाचा दोरा मेणाच्या गोळीवरनं दोनदा ओढल्याशिवाय सुईत घालायचे नाहीत.

आता खरी गोष्ट. हे सगळं चढवणारा तो नाइट नाही, दुसरा माणूस आहे. पायापासून सुरू करायचं आणि वर वर जायचं, मांडी, कंबर, छाती, दंड. खांद्याच्या आणि पाठीच्या बांधण्या स्वतःच्या हाताला येतच नाहीत. लोक सांगतात की नाइटला घोड्यावर बसवायला क्रेन लागायची, ते साफ खोटं, लढाईचं चिलखत 20-25 किलोच्या आसपास आणि अंगभर वाटलेलं, ते घालून माणूस पळायचा, उठायचा, घोड्यावर चढायचा. पण घालायला आणि काढायला माणूस लागायचा. म्हणजे तुझ्या डीपीतल्या त्या गड्यानं मला कुणाची गरज नाही म्हणलं तर मी विचारेन, बाबा रे, मागची नाडी कुणी बांधली?

आणि उतरवायला तर लागतंच. इंग्लंडात लीड्सच्या विद्यापीठातल्या लोकांनी 2011 मध्ये एक प्रयोग छापला, चिलखत घालून माणसं ट्रेडमिलवर चालवली, तर चालायला नेहमीच्या दुपटीपेक्षा जास्त ताकद लागली. तेवढंच वजन पाठीवर घेतलं असतं तर एवढी लागत नाही, पण पायाला बांधलेला पत्रा प्रत्येक पावलाला उचलावा लागतो ना. आणि छाती आवळलेली, लांब श्वास घेता येत नाही, मग छोटे छोटे भराभर घ्यावे लागतात. माणूस लढून दमेल ते वेगळं, हा नुसतं चालून दमतोय.

चिलखत वाईट असं मी म्हणत नाहीये. मी साताऱ्यात राहून तसं म्हणेन का. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली महाराज भेटीला गेले तेव्हा अंगरख्याच्या आत चिलखत होतं म्हणून खानाचा वार अडला. 2024 ला लंडनची वाघनखं आपल्या संग्रहालयात आली तेव्हा तू मित्रांना घेऊन गेला होतास, घरी येऊन अण्णांना तासभर सगळं सांगत बसला होतास. पण बघ, ते चिलखत आत होतं, मिरवायला नव्हतं. आणि एवढं घालूनसुद्धा महाराज एकटे गेले नाहीत, निवडलेली माणसं बरोबर होती, सय्यद बंडाचा वार आला तो जिवा महालानं अडवला. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" असं आपण लहानपणापासून म्हणतो ते माणसाबद्दल म्हणतो, चिलखतावर आपल्याकडं म्हण नाही.

अण्णा गेले त्या दिवशी तू जे केलंस ते मला अजून दिसतंय. बाबा भिंतीला टेकून बसलेले, आत्या कुणाला आवरेना, आणि तू तिरडीचं सामान, पाहुण्यांना फोन, माहुलीला कैलास स्मशानभूमीत गाडी, आलेल्यांना चहापाणी, सगळं. एक थेंब नाही डोळ्यात. पाहुणे पाठीवर थाप मारत होते, वाघ आहे, पोरगं घट्ट आहे, मर्द गडी. त्या दिवशी कुणीतरी कोरडं राहायलाच लागणार होतं आणि ते तू राहिलास, मला त्याचा अभिमान आहे, खोटं नाही सांगत. पण दहावा झाला, तेरावा झाला, तू पुण्याला गेलास, आता दिवाळी तोंडावर आली आणि अजून ते तुझ्या अंगावर तसंच आहे. आणि पाहुणे वाघ म्हणून गेले ते गेले, काढायला कोण येणार? वाघ म्हणणाऱ्यांचा हाच प्रॉब्लेम असतो, बांधून देतात आणि जातात.

शिवजयंतीला त्या ढोल पथकाच्या पोरांचे अंगरखे शिवले तेव्हा मापं मीच घेतली होती. एकजात सगळे, टेप छातीभोवती गेला की छाती फुगवणार, पोट आत, श्वास बंद. मी म्हणायचे श्वास सोड रे, नाहीतर कपडा बसणार नाही तुला, तर लाजायचे आणि सोडायचेच नाहीत. विल्हेल्म राइश म्हणून एक मनाचा डॉक्टर होता, आधी फ्रॉइडच्या हाताखाली शिकलेला, त्यानं 1933 च्या पुस्तकात हेच मांडलंय की माणूस लहानपणापासून मनाभोवती चिलखत घट्ट करत जातो, आणि पुढं तो म्हणायला लागला की ते जबड्यात, खांद्यात, अडवलेल्या श्वासात पण दिसतं. पुढंपुढं त्यानं बरंच काय काय विचित्र काढलं म्हणतात, ते सोड, पण एवढी गोष्ट कुठलाही टेलर कबूल करेल.

आणि मर्द रडत नाहीत हे कुणी ठरवलं मला खरंच कळत नाही. फ्रेंचांचं नाइट लोकांच्या काळातलं जुनं वीरकाव्य आहे, त्यात भाचा मेलेला बघून शार्लमेन राजा पांढरी दाढी उपटत रडतो आणि त्याचे हजारो योद्धे रडून बेशुद्ध पडतात. हजारो! आणि लिहिणारा त्यांना कमी समजत नाही, वीरच समजतो. लांब कशाला, आपल्या लोणंदला माउलींची पालखी येते तेव्हा बघ, चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं की मिशीवाले, फेटेवाले, रानात राबणारे गडी एकमेकांच्या पाया पडतात, गळ्यात पडतात, डोळे पुसतात. अण्णा त्यातलेच. कुणी त्यांना बायकी का भित्रे म्हणलं नाही, त्यांच्या दुकानात तर अर्धा सातारा घाबरून असायचा.

अजून एकच, मग संपवते. इंग्लंडचा पाचवा हेन्री, पुढं मोठा लढवय्या राजा झाला तो, 1403 मध्ये 16 वर्षांचा होता. लढाईत बाण चेहऱ्यात घुसला. काडी निघाली पण लोखंडी टोक आत सहा इंच खोल हाडात अडकून राहिलं. जॉन ब्रॅडमोर नावाच्या सर्जननं काय केलं तर घाई केली नाही, फडक्यात गुंडाळलेल्या, मधात भिजवलेल्या सळया आधी बारीक मग जाड अशा घालत जखमेचं तोंड मोठं केलं, त्यासाठीच घडवलेल्या स्क्रूच्या चिमट्यानं टोक काढलं, आणि नंतर रोज आत घालायची वात थोडी थोडी आखूड करत गेला, म्हणजे जखम तळापासनं भरत वर येईल. वरनं आधी मिटली तर आत सडली असती. मी मशीन थांबवून ऐकलं हे. 16 वर्षांचं पोर, राजाचा मुलगा, आणि तो त्या माणसासमोर तोंड वर करून बसला, रोज.

माझ्याशी बोल असं म्हणत नाहीये मी. आईशी काही गोष्टी बोलवत नाहीत, माहितीये मला. अगदीच कुणाशी नको वाटलं तर सरकारचा टेली मानसचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, त्यात लाज कसली. पण त्याच्या आधी एक काम कर. बाबांना फोन कर. माझ्या फोनवर नको, त्यांच्या. दहानंतर दुकानाचं शटर अर्धं पाडून ते एकटेच असतात, अण्णांची कात्री कुणाला लावू देत नाहीत, मला पण नाही, दिवाळीचा कटिंगचा ढीग पडलाय तरी. त्यांचा बाप गेलाय दादू, आणि त्यांना पण सगळे घट्ट आहेस म्हणूनच गेलेत. तू त्यांना अण्णांचं काहीतरी विचार, काही पण, ती वाघनखांची गोष्ट अण्णांनी पुढं कुणाकुणाला सांगितली ते विचार. पहिल्यांदा बाबा "ठीक आहे", "बघू" असंच बोलतील, कुणावर गेलायस तू. मग गप्प होतील. तेव्हा फोन ठेवू नकोस.

मेसचे पैसे टाकलेत, भर लगेच. शनिवारची स्वारगेटची शेवटची गाडी पकडू नकोस, फार गर्दी असते, दुपारचीच ये.

आई