नदीतला ऑक्सिजन पहाटे किती असतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नद्यांवर सेन्सर बसवून प्रदूषण चोवीस तास मोजायचे, ही कल्पना चांगलीच आहे. पण निविदा निघते ती यंत्र खरेदीची. दर आठवड्याला ते पाण्याबाहेर काढून घासणाऱ्या माणसाची तरतूद तीत क्वचितच असते.

सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा प्रोब सोडला, की थोड्याच दिवसांत टोकावर बुळबुळीत थर चढतो. त्यातले जिवाणूच ऑक्सिजन खातात आणि आकडा खाली येतो. थर शेवाळाचा असेल तर भर उन्हात आकडा फुगतो. नदी तीच! म्हणून टोक पुसणारा वायपर असलेला ऑप्टिकल (प्रकाशाच्या साह्याने मोजणारा) प्रोब घ्यावा. तरीही मऊ ब्रशने सफाई आणि दमट हवेत १०० टक्क्यांचे कॅलिब्रेशन (ज्ञात मापाशी आकडा जुळवून घेणे) टळत नाही. सामू (पीएच) मोजणाऱ्या इलेक्ट्रोडच्या कॅलिब्रेशनला ७ आणि ४ किंवा १० अशा ठरलेल्या सामूची बफर द्रावणे लागतात. २५ अंशांना सामूच्या एका एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट मिळायला हवेत. ५० च्या खाली गेल्यास आधी सफाई करावी, तरी सुधारणा नसेल तर इलेक्ट्रोड बदलावा. तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवणे म्हणजे हाताने मारणे. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच हवे.

बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, थेट मोजणारा सेन्सर नदीत नसतो. अतिनील प्रकाश पाण्यात किती शोषला जातो, त्यावरून तो अंदाज असतो. गढूळपणा वाढला की तो चुकतो. प्रयोगशाळेतल्या २७ अंश, ३ दिवसांच्या चाचणीशी तो वरचेवर ताडून पाहावा लागतो.

सर्वांत फसवी असते ती दैनिक सरासरी. २५ अंशांना, समुद्रसपाटीवर, स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. दुपारी तीनला ११ दिसला, तर ती शेवाळाची करामत. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढते. पहाटे आकडा २ वर येऊ शकतो आणि मासे तेव्हाच मरतात. सरासरी मात्र ६ भरते आणि स्नानयोग्य पाण्यासाठीचा किमान ५ चा निकष कागदावर पार होतो. सकाळी अकराला बाटली भरून नेणाऱ्यालाही पहाटेचे पाणी दिसत नाही.

तेव्हा घाटावरच्या फलकावर सरासरीऐवजी दिवसातला नीचांक, त्याची वेळ आणि शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख लावावी.

आपला,
एक वाचक, पुणे