काचेपलीकडे बोलायला बंदी नको, काच नीट हवी

महोदय,

कला महोत्सवांत आणि नाट्यशिबिरांत काचेच्या दोन बाजूंना प्रेक्षक उभे करून शब्दांविना संवाद साधायला सांगतात. प्रयोग चांगला, पण बहुतेक ठिकाणी एक पातळ काच किंवा अ‍ॅक्रिलिकचा पत्रा लावतात आणि वर ‘बोलायचं नाही’ अशी तंबी देतात. आमचा आक्षेप या तंबीवर आहे.

डॅन ग्रॅहम या अमेरिकी कलावंताने १९७६च्या व्हेनिस बिएनालेत (इटलीतलं मोठं कला प्रदर्शन) एक खोली ध्वनिरोधक काचेने दुभागली होती. एका टोकाच्या भिंतीवर पूर्ण आरसा, दोन बाजूंना दोन दारं. आत शिरणाऱ्यांनी दार लावून ३० मिनिटं थांबायचं. पलीकडचे दिसत, ऐकू येत नसत. खरी जादू यातच आहे. बोलणं पोहोचत नाही हे कळलं की माणूस आधी आवाज चढवतो, मग ओठ ठळक हलवतो आणि शेवटी हात, खांदे, डोळे कामाला लावतो. बंदी घातली की तो नुसता गप्प बसतो.

त्यासाठी काच आवाज अडवणारी हवी. ६ मिमीची साधी काच २००० हर्ट्झच्या (सेकंदाला २००० कंपनं) आसपास आवाज जास्त आरपार जाऊ देते आणि शब्द कळायला नेमका तोच पट्टा लागतो. म्हणून लॅमिनेटेड काचेचे (मध्ये पातळ पडदा घालून चिकटवलेल्या दोन काचा) दोन थर घ्यावेत, एक ६+६ मिमी आणि दुसरा ४+४ मिमी, मध्ये शक्य तर १०० मिमी पोकळी. दोन्ही थर सारख्या जाडीचे घेतले तर ते एकाच कंपनसंख्येला कमकुवत पडतात. १.२ बाय २.४ मीटरच्या अशा जोडीचं वजन १४० किलोच्या पुढे जातं, तेव्हा चौकट जमिनीवर पेललेली हवी, मांडवाच्या बांबूला टांगलेली नव्हे. टफन (तापवून कडक केलेल्या) काचेला भोकं पाडायची तर टफन करण्याआधीच. नंतर ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो. लोक काचेला टेकतात, थापा मारतात, म्हणून नुसती टफन नको. लॅमिनेटेड काच फुटली तरी मधल्या पडद्याला चिकटून राहते.

एवढं करूनही प्रयोग फसतो तो फटींमुळे. भिंतीच्या एक टक्का जागा उघडी राहिली तर काच कितीही भारी असो, २० डेसिबलपलीकडे आवाज अडत नाही. चौकटीभोवती सिलिकॉन, दाराखाली रबरी पट्टी हवीच. दोन्ही खोल्यांना एसीची एकच डक्ट असेल तर आवाज तिथूनही जातो.

उजेड दोन्हीकडे सारखा ठेवावा, नाहीतर उजेडातल्या माणसाला काचेत स्वतःचंच तोंड दिसतं.

शक्य असेल तिथे कर्णबधिर मंडळींना जरूर बोलवा. त्यांची सांकेतिक भाषा काचेतून विनासायास पोहोचते. अडखळतात ते ऐकू येणारे. पण कर्णबधिरांच्या भाषेला कृपया मूकाभिनय म्हणू नका.

रांग लांबली म्हणून वेळ पाच मिनिटांवर आणू नये. पहिली काही मिनिटं हसण्या-लाजण्यातच जातात. हवं तर एका खेपेला कमी माणसं सोडा. दार लावावं, पण कुलूप नको. आतून कोणालाही केव्हाही उघडता आलं पाहिजे.

– नेपथ्य आणि काचकाम करणारे दोघे, पुणे