आपली प्लेट ०.४२ मि.मी. सरकलेली आहे, आमचा मेस्त्री नाही

सोलापूर
दिनांक : १४ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : फियाट एक्स १/९ गाडीत दुसरं इंजिन बसवण्यासाठी घेतलेल्या किटमधील सदोष अॅडाप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी), त्यामुळे झालेलं नुकसान आणि अपुरं बिल.

महोदय,

आपल्या तंत्रज्ञांशी फोनवर चार वेळा बोललो. चौथ्या वेळी "सोलापूरच्या लोकल मेस्त्रीनं बसवलंय ना, मग आम्ही काय करणार?" असं उत्तर मिळालं. म्हणून आता लेखी कळवतो.

गाडी १९८० सालची आहे. आमचे काका इंग्लंडमध्ये नोकरीला होते, परतताना घेऊन आले. दोनच सीट, छत काढून पुढच्या डिकीत ठेवायचं, आणि इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे, आडवं. लहानपणी आम्ही साखर पेठेत लोकांना बॉनेट उघडून दाखवायचो आणि आत इंजिनच नाही म्हटल्यावर त्यांची तोंडं बघायचो. मूळच्या १४९८ सीसी इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला, सुटे भाग मिळेनात. काकांची अट एकच होती, फियाटच्या गाडीत फियाटचंच इंजिन बसेल. आपल्याकडे फियाटच्याच लिनिया टी-जेट गाडीचं इंजिन मिळालं. १३६८ सीसी, टर्बो, ११४ हॉर्सपॉवर. मूळचं ८५ चं होतं. हे इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मध्ये आपली अॅडाप्टर प्लेट. इंजिन, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्ट आणि प्लेट मिळून ३,२५,००० रुपये आगाऊ भरले. इंजिन चांगलं निघालं, वायरिंगही नीट आहे, ते मान्यच करतो.

फेब्रुवारीत सगळं बसलं. आरटीओची परवानगी येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही हे ठरलेलंच होतं. त्यामुळे जे काही चालवलं ते आमच्या टॉवेल कारखान्याच्या आवारात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. पहिल्या दिवसापासून क्लच सुटेना. रिव्हर्स टाकताना दात खरवडल्याचा आवाज. मेस्त्रींनी क्लचची सेटिंग तीनदा बदलली. साठेक किलोमीटर झाले असतील, तेवढ्यात धडधड सुरू झाली. गिअरबॉक्स उतरवला तर क्लच प्लेटचा मधला भाग फाटलेला, स्प्रिंगा मोकळ्या झालेल्या, क्लच शाफ्टचं ऑइल सील एका बाजूनं खाल्लेलं. एका बाजूनं, हे लक्षात घ्या. नुसतं जुनं झालेलं सील चहूबाजूंनी झिजतं.

आमच्या शेजारच्या शेडमध्ये लेथ आहे. तिथले टर्नर मास्तर तीस वर्षं मागाचे क्रँकशाफ्ट नि पिनियन कापतात. त्यांनी सील हातात घेऊन फिरवलं, म्हणाले, "सेंटर चुकलंय." बाकी काही बोलले नाहीत, बारीक फरक काट्यावर दाखवणारा डायल गेज घेऊन आले.

प्लेट इंजिनाला बोल्टनं आवळलेलीच होती. मॅग्नेटिक स्टँड फ्लायव्हीलवर (क्रँकच्या टोकाच्या जड चाकावर) लावला, गेजचं टोक प्लेटच्या मधल्या बोअरला, म्हणजे गोल भोकाला, आतून टेकवलं, स्पार्क प्लग काढले आणि क्रँक हातानं हळूहळू फिरवला. काटा शून्यावरून निघाला तो ०.८४ मि.मी.वर जाऊन परत आला. मास्तर म्हणाले, काटा जितका जातो त्याच्या निम्मं सेंटर सरकलेलं असतं, म्हणजे ०.४२ मि.मी. इथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच चालतं. प्लेट उतरवली, दोन्ही बाजू घासून पुसल्या, ब्लॉकचे डॉवेल, म्हणजे प्लेटची जागा पक्की करणाऱ्या खुंट्या, तपासले (घट्ट, झीज नाही), पुन्हा आवळली. ०.८४. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, तिसऱ्यांदा. ०.८४, आणि काटा प्रत्येक वेळी त्याच जागी, उजव्या खालच्या बोल्टाकडे. मेस्त्रीच्या चुकीनं आकडा प्रत्येक वेळी वेगळा आला असता.

मधला बोअर म्हणजे नुसती मोकळी जागा आहे, असं आपण म्हणाल. पण आपल्याच किटसोबतच्या कागदावर लिहिलंय की बोअर आणि गिअरबॉक्सकडचे डॉवेल एकाच सेटिंगमध्ये कापलेले आहेत. तेव्हा बोअर सरकला म्हणजे डॉवेल सरकले, आणि डॉवेल सरकले म्हणजे क्लच शाफ्ट फ्लायव्हीलच्या मधोमध नाही. आमच्या मागावर इतकं सेंटर चुकलं तर बेअरिंग आठवडाभर टिकत नाही, आणि हे इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेतं.

कुलंटच्या पाइपांबद्दलही तक्रार आहे, पण ती लहान. रेडिएटर नाकाशी, इंजिन पाठीशी, पाइप सगळी गाडी ओलांडून जातात. वरच्या बाजूला हवा काढायला बोल्ट हवा, आपल्या किटमध्ये तो नव्हता. हवा अडकली की तापमानाचा काटा लाल रेषेकडे जातो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसवर जातो, त्यात टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर मागे असल्यानं त्याला समोरचा वारा मिळत नाही. हवा काढायचा बोल्ट आम्हीच टाकून घेतला, त्याचे पैसे मागत नाही.

बिलाचं मात्र सोडणार नाही. आरसी बुकवर इंजिन क्रमांक असतो आणि तो बदलायला आरटीओची मंजुरी लागते. आपल्या बिलावर नुसतं "सेकंडहँड इंजिन, १ नग" लिहिलंय. क्रमांक नाही, ज्या गाडीतून काढलं तिचा उल्लेख नाही. जाहिरातीत "कागदपत्रांसह" असं ठळक अक्षरांत होतं. ते कागद कुठे आहेत?

माझ्या मागण्या अशा. नवी प्लेट, सोबत तिच्या मोजमापाचा तक्ता. क्लच प्लेट, सील आणि गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च ३८,६०० रुपये, पावत्या जोडल्या आहेत. इंजिन क्रमांकासह दुरुस्त केलेलं बिल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी जिथे राहतो तिथेच ती करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही.

प्लेट तपासणीसाठी कुरिअरनं पाठवा, असं आपण सुचवलंत. पाठवणार नाही. ती इंजिनाला आवळलेलीच आहे, गेज लावून ठेवलाय, वर टॉवेल झाकलाय. आपला माणूस आणि आपला गेज घेऊन या. क्रँक फिरवायला टर्नर मास्तर दुपारी चारनंतर मोकळे असतात.

आपला ग्राहक,
सोलापूर

सोबत : पावत्यांच्या प्रती, गेजच्या तिन्ही नोंदींचे फोटो, फाटलेल्या क्लच प्लेटचा फोटो.