‘आधी मराठीत सांग’ म्हणणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

मागच्या गुरुवारी रात्रपाळी संपवून गाडीत बसले आणि फोन पाहिला, तेव्हा परिचारिकांसाठीच्या भुलीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याची ईमेल येऊन पडली होती. काचेवरचे बर्फ खरवडायचेही भान राहिले नाही. बार्शीला आईला फोन लावण्याआधी मी तुम्हाला लावला. तुम्ही अर्थातच ऑपरेशन थिएटरमध्ये होता. संध्याकाळी तुमचा फोन आला तेव्हा मला रडू आवरेना आणि जे सांगायचे होते ते सगळे राहून गेले. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते सर्वांना वाचता यावे असे लिहीत आहे, कारण माझ्यासारख्या अनेक मराठी परिचारिका परदेशातल्या आयसीयूंमध्ये रात्री जागवत आहेत आणि तुमच्यासारखे माणूस असते हे त्यांना कळायला हवे.

आमच्या घरी अजूनही कोणाला नीट उमगलेले नाही की मी नेमके काय शिकायला जाणार आहे. आपल्याकडे भूल द्यायची ती डॉक्टरांनीच, त्यामुळे ‘नर्स भूल कशी देईल?’ हा मामांचा प्रश्न मला वावगा वाटत नाही. मलाही इथे अमेरिकेत येईपर्यंत ते ठाऊक नव्हते. तुम्ही स्वतः भूल देणाऱ्या परिचारिका; तुमच्या मागे उभे राहून काम पाहायला आले त्या पहिल्याच दिवशी तुम्ही मला सांगितलेत की इथून जवळच, याच एरी सरोवराच्या काठी असलेल्या एरी गावात सिस्टर मेरी बर्नार्ड १८७७ मध्ये भूल देऊ लागल्या. परिचारिका ॲलिस मॅगॉ यांनी १९०६ मध्ये चौदा हजारांहून अधिक भुलींचा हिशेब मांडला आणि त्यांत भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. आणि ॲगाथा हॉजिन्स यांनी १९१५ मध्ये आपल्या या क्लीव्हलंडमध्येच परिचारिकांसाठी भुलीची शाळा काढली. एवढे सांगून तुम्ही म्हणालात, “आपण कुणाच्या दारात मागायला आलेलो नाही. हे घर बायांनीच बांधलंय.” दोनदा नकार पचवलेल्या मला त्या वाक्याने किती आधार दिला, हे तुम्हाला कदाचित माहीतही नसेल.

त्या दोन नकारांविषयीही लिहिले पाहिजे, नाहीतर तुम्ही केलेल्याचे मोल वाचणाऱ्याला कळणार नाही. पहिल्या वर्षी ज्या वरिष्ठांनी शिफारसपत्र देण्याचे स्वतःहून कबूल केले होते, त्यांनी मुदत संपेपर्यंत ते पाठवलेच नाही. मी चार वेळा आठवण केली आणि चारही वेळा “आज करते” असे उत्तर मिळाले. अर्ज अपुरा म्हणून बाद झाला. त्यांना नाही म्हणायचे असते तर मी दुसरे कोणी शोधले असते. होकार देऊन गप्प बसणे हे नकारापेक्षा कितीतरी वाईट असते. याच व्यवसायातल्या, आपल्याच भाषेच्या एका ओळखीच्यांनी तर “तुझं शिक्षण तिकडचं, उगीच फीचे पैसे घालवू नकोस” असा सल्ला दिला आणि पुढे माझे फोन घेणेच बंद केले.

दुसऱ्या वर्षी मुलाखतीपर्यंत पोहोचले. रक्तदाब अचानक पडलेल्या रुग्णाचा प्रश्न होता. गेली सहा वर्षे मी रोज रात्री हेच तर करत आले होते. उत्तर माझ्या हातांना ठाऊक होते, पण इंग्रजी शब्द जिभेवर येईनात. मी वाक्य जुळवत असताना समोरच्या एका परीक्षकांनी मनगट वळवून घड्याळ पाहिले. त्यानंतर मी काय बोलले ते मला आजही आठवत नाही. ते मनगट मात्र आठवते.

तुमची माझी भेट त्यानंतरची. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका आजोबांना तुम्ही आयसीयूत आणून माझ्या स्वाधीन केलेत, सगळा अहवाल बारकाईने दिलात आणि जाता जाता बॅजवरचे नाव वाचून विचारलेत, “कुठल्या गावची गं तू?” त्या एका प्रश्नावर मी तुम्हाला, ओळख नसताना, माझी दोन वर्षांची कर्मकहाणी सांगून टाकली. तुम्ही सहानुभूतीचे चार शब्द बोलला नाहीत. तुम्ही विचारलेत, “रात्री सुटी किती वाजता मिळते?”

मला पहाटे पाचला अर्धा तास मिळायचा. तुमचे काम साडेसहाला सुरू व्हायचे. त्या हिवाळ्यात तुम्ही आठवड्यातून दोनदा, दीड तास आधी, रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्यांमागून गाडी चालवत आलात आणि आयसीयूबाहेरच्या नातेवाइकांच्या खोलीत माझी वाट पाहत बसलात. आणि पहिल्याच पहाटे, मी समोर येऊन बसताच, तुम्ही मनगटावरचे घड्याळ काढलेत आणि टेबलावर पालथे ठेवलेत.

परीक्षकांच्या घड्याळाबद्दल मी तुम्हाला तोपर्यंत सांगितलेले नव्हते. ते घड्याळ तसे पालथे पडलेले, त्याचा काळा पट्टा कडेला झिजलेला, मागच्या पोलादी चकतीवर वरच्या दिव्याचा ठिपका, हे सगळे मला आज समोर दिसते. ज्यांच्या कामात मिनिटा-मिनिटाची नोंद होते, त्या बाईंनी माझ्यासाठी वेळ मोजणे थांबवले होते. मग तुम्ही तोच प्रश्न विचारलात. मी इंग्रजीत अडखळले, तेव्हा तुम्ही म्हणालात, “थांब. आधी मराठीत सांग. गावाकडच्या आईला सांगतेस तसं.”

आणि मी बोलू लागले. लहानपणी वडिलांबरोबर शेतात पाण्याची दारे धरायला जायची, तेच तोंडी आले. शेवटच्या सरीला पाणी पोहोचत नसेल तर तीन गोष्टी बघायच्या, असे मी म्हणाले. विहिरीत पाणीच कमी आहे का; मोटर दमली आहे का; की पाट रुंद होऊन पाणी वाटेतच पसरते आहे. विहीर आटली असेल तर आधी विहीर भरायची, म्हणजे रक्त किंवा सलाइन. जंतुसंसर्गाने रक्तवाहिन्या सैलावल्या असतील तर नॉरएपिनेफ्रिन या औषधाने त्या आवळायच्या. पण मोटरच, म्हणजे हृदयच दमले असेल, तर नुसते पाट आवळून भागणार नाही, उलट त्याच्यावरचा भार वाढेल. आणि या सगळ्याच्या आधी माणसाकडे बघायचे, आणि ट्रान्सड्यूसर, म्हणजे रक्तदाब मोजणारे उपकरण, हृदयाच्या पातळीला आहे की वर-खाली सरकला आहे तेही बघायचे, कारण तो चुकीचा असला तर आकडाच खोटा असतो.

तुम्ही मध्ये एकदाही बोलला नाहीत. मी थांबल्यावर म्हणालात, “आता हेच इंग्रजीत. आणि विहीर काढू नकोस.”

या वेळच्या मुलाखतीत रक्तदाबाचा प्रश्न पुन्हा आला. मी विहीर काढली नाही. मोटरपर्यंत आले तेव्हा एक परीक्षक लिहायचे थांबून माझ्याकडे पाहू लागले, आणि मी वाक्य जुळवत नव्हते, बोलत होते. पुढे ३६ महिने पगार नाही, अभ्यास डॉक्टरेटचा आहे, किमान ६०० रुग्णांना प्रत्यक्ष भूल दिल्याशिवाय पूर्ण होणार नाही, आणि त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा. या सगळ्याची मला धास्ती आहे. पण माझे ज्ञान माझ्या भाषेत आधीपासून पक्के होते, ते कमी प्रतीचे नव्हते, ही खात्री तुम्ही मला दिलीत, आणि ती आता कोणी काढून घेऊ शकणार नाही.

ताई, चांगुलपणा म्हणजे मोठा त्याग, पैशांची मदत, कोणाच्या कानावर घातलेला शब्द, असे मला वाटत असे. तुम्ही माझ्यासाठी कुठेही शब्द टाकला नाहीत, आणि मीही तो मागितला नाही. रुग्ण भुलीत जाण्याआधी तुम्ही वाकून त्याच्या कानाशी त्याचे नाव घेता आणि आता काय होणार ते त्याला सांगता. खोलीतल्या बाकी सगळ्यांना घाई असली तरी तेवढा वेळ तुम्ही घेताच. मला वाटते, माझ्याशीही तुम्ही तेच केलेत. समोरचा माणूस घाबरला आहे हे ओळखून त्याच्या पातळीला येऊन बोलणे ही सभ्यता आमच्या कुठल्याच प्रशिक्षणात नसते, आणि ज्यांच्यात ती असते त्यांना ती वेगळी दाखवावीही लागत नाही. अशी माणसे प्रत्येक वॉर्डात एक तरी असावीत, एवढी मात्र माझी मनापासून इच्छा आहे.

वर्ग मे महिन्यात सुरू होतात. पहिल्या दिवशी सकाळी निघण्याआधी मी तुम्हाला पाच वाजता फोन करीन. त्या वेळी तुम्ही जाग्या असता, हे मला माहीत आहे.

तुमची सदैव ऋणी,
बार्शीची धाकटी बहीण