पॉवर स्टेशन केवढे, यापेक्षा ते भरणार कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅम्पर व्हॅनवरच्या (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीवरच्या) लेखांत आणि व्हिडिओंत पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेट असलेली उचलून नेण्याजोगी मोठी बॅटरी, ‘सीटमागे ठेवले की झाले’ अशा थाटात दाखवले जाते. खरेदीही खोक्यावरचा मोठा आकडा पाहूनच होते. तो आकडा बहुधा वॅटचा असतो, म्हणजे एका वेळी किती भार ओढता येईल याचा. किती वेळ पुरेल हे वॅट-अवरवर ठरते. १००० वॅट-अवर म्हणजे महावितरणच्या बिलातले अवघे एक युनिट, आणि त्यातलेही २३० व्होल्टच्या सॉकेटमधून हाती लागते ते सुमारे ७५ ते ८५ टक्के.

या एका युनिटात काय भागते? १२ व्होल्टचा ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना साधारण ५० वॅट घेतो. उन्हाळ्यात तो दिवसातला निम्मा वेळ चालतो असे धरले, तर ६०० वॅट-अवर त्यालाच लागतात. २८ वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा रात्रभर आठ तास म्हणजे सव्वादोनशे. इंडक्शनवर १२०० वॅटने वीस मिनिटे स्वयंपाक केला की इन्व्हर्टरची (बॅटरीची डीसी वीज घरच्यासारखी एसी करणाऱ्या भागाची) घट धरून पावणेपाचशे जातात. तेव्हा स्वयंपाक गॅसवरच करावा, हे आमचे स्पष्ट मत. आणखी एक गळती कोणी सांगत नाही. एसी बटण चालू राहिले, तर काहीही जोडलेले नसताना इन्व्हर्टर स्वतःसाठीच १०-१५ वॅट खात बसतो. चोवीस तासांत अडीचशे ते साडेतीनशे वॅट-अवर असेच उडून जातात. फ्रीज, पंखा, दिवे, मोबाइल हे सारे डीसी आणि यूएसबी पोर्टवर चालवावे. एसी फक्त मिक्सरपुरते लावून लगेच बंद करावे. फ्रीज डीसी पोर्टवर लावल्यावर सेटिंगमधली आपोआप बंद होण्याची वेळ काढून टाकायला विसरू नये. नाहीतर कॉम्प्रेसर थांबताच स्टेशनला वाटते भार संपला, पोर्ट बंद पडतो आणि सकाळी दूध नासलेले मिळते.

पण वापरापेक्षा मोठी अडचण भरण्याची आहे. गाडीच्या लायटर सॉकेटमधून बहुतेक स्टेशने आठ-दहा अँपिअर घेतात, म्हणजे शंभर-सव्वाशे वॅट. पुणे ते रत्नागिरी सात तास गाडी चालवली आणि फ्रीज चालूच ठेवला, तर भर पडते जेमतेम अर्ध्या युनिटाची. दोन युनिटांचे महागडे स्टेशन घेऊन ते असे भरू पाहणारे तिसऱ्या दिवशी अंधारात बसतात. त्यापेक्षा एक युनिटाचे घ्यावे आणि उरलेले पैसे भरण्याच्या सोयीवर घालावेत.

ती सोय म्हणजे अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरून) स्वतंत्र लाइन. इथे एक चूक सर्रास होते. गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी भरणारा साधा डीसी-डीसी चार्जर १४.४ व्होल्ट देतो; स्टेशनचे इनपुट दहा अँपिअरच घेत असेल, तर चार्जर कितीही मोठा असो, भरणे १४४ वॅटवरच अडते. म्हणून व्होल्टेज वाढवून देणारा अल्टरनेटर चार्जर हवा, आणि त्याचे आउटपुट स्टेशनच्या इनपुट मर्यादेत बसते ना, हे आधी ताडून पाहावे. बॅटरीकडून ३० अँपिअर ओढायचे असतील, तर फ्यूज ४० अँपिअरचा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत. तांब्याची वायर १६ चौरस मिलिमीटर. पाच मीटर अंतरावर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये, ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळपास ०.९ व्होल्ट गळतात आणि वायर गरम होते. १६ मध्ये हीच घट साधारण ०.३५ व्होल्टवर येते. इंजिन चालू असल्याचे चार्जरला कळवणारी इग्निशनची सिग्नल वायर जोडलीच पाहिजे. बीएस-६ गाड्यांतले अल्टरनेटर व्होल्टेज खाली-वर करतात, त्यामुळे चार्जर नुसत्या व्होल्टेजवर चालू-बंद ठेवला तर तो एक तर मध्येच थांबतो, नाहीतर इंजिन बंद असताना स्टार्टरची बॅटरी उपसतो.

सौर पॅनेलबद्दल थोडक्यात. टपावर आडवे बसवलेले २०० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला ७०० ते ९०० वॅट-अवर देते, कोकणातल्या जुलैत कधी शंभर-दीडशेही नाही. दोन पॅनेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडताना ओपन सर्किट व्होल्टेजची, म्हणजे भार नसतानाच्या व्होल्टेजची, बेरीज करावी. २४ अधिक २४ म्हणजे ४८. स्टेशनची मर्यादा ५० व्होल्ट आहे म्हणून कोणी निश्चिंत राहील. पण हिमाचलमधल्या स्पितीतल्या उणे दहा अंशांच्या सकाळी तेच व्होल्टेज दहाएक टक्क्यांनी चढून ५३ च्या आसपास जाते, इनपुट जळते आणि वॉरंटी मिळत नाही. तिथे व्होल्टेजची बेरीज न होणारी पॅरलल जोडणीच बरी. त्याच थंडीत दुसरीही खबरदारी हवी: स्टेशनच्या बॅटरीतले लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल शून्याखाली चार्ज करायचे नसतात, धातुरूप लिथियम साचून ते कायमचे खराब होतात. चांगली स्टेशने स्वतःच चार्जिंग थांबवतात. आधी केबिन गरम करावी, मग पॅनेल जोडावे.

आपल्याकडे याच्या उलट होते. मे महिन्यात बंद व्हॅन उन्हात राहिली की आतले तापमान ६० अंशांपर्यंत जाते. स्टेशन ४५ अंशांच्या आसपासच चार्जिंग नाकारते, म्हणजे ऊन सर्वांत चांगले असते त्याच वेळी भरणे बंद. दोष मात्र पॅनेलला दिला जातो. गाडी सावलीत, घडीचे पॅनेल पाच मीटर केबलने उन्हात, हाच त्यावर उपाय. स्टेशनच्या पंख्याच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा सेंटीमीटर मोकळे सोडावे. बंद कपाटात किंवा गादीखाली ते ठेवूच नये. बारा-चौदा किलोची वस्तू जोरात ब्रेक लागताच पुढे फेकली जाते, तेव्हा खाली ब्रॅकेट आणि वरून रॅचेटचा (आवळून घट्ट करण्याचा) पट्टा लावावा. गॅस सिलिंडरच्या कप्प्यात तर कदापि नको: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, आणि स्टेशनमधल्या रिलेची ठिणगी त्याला पुरते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून स्टेशन मागवण्याचा विचार असेल, तर तो सोडावा. तिथली स्टेशने १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असतात. आपला मिक्सर त्यावर चालत नाही. शिवाय १६० वॅट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात सामानासोबत नेता येत नाही.

होमस्टेवर रात्री भरून घेताना पिन कोणत्या सॉकेटला लावतो ते पाहावे. ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला १३८० वॅट, आणि जलद चार्जिंग कित्येकदा त्याहून जास्त ओढते. जुन्या बोर्डाचे सॉकेट वितळते. अ‍ॅपमधून वेग ४०० वॅटवर आणला, तर एक युनिटाचे स्टेशन तीनेक तासांत निवांत भरते.

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. या पार्कांत प्रत्येक गाडीमागे १६ अँपिअरचे, झाकणाचे, अर्थिंग तपासलेले आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमागे) असलेले एक सॉकेट मिळाले, तर निम्म्याहून अधिक लोकांना मोठ्या स्टेशनची गरजच उरणार नाही. पर्यटन विभागाने एवढे पाहावे, आणि फलकावर नुसते ‘वीज उपलब्ध’ न लिहिता किती अँपिअरची, तेही लिहावे.

आपले,
व्हॅनमधील वीजजोडणीचे काम करणारे काही तंत्रज्ञ, पुणे