होडी उशिरा आली तर

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी बेटांचं सांगितलं तेव्हा आईने लगेच विषय बदलला आणि बाबा नुसतं "बरं" म्हणाले. ते "बरं" मी लहानपणापासून ओळखते, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. काळजी करू नका असं म्हणून तुमची काळजी थांबणार नाही. पण ती कशाची करायची आणि कशाची नाही, एवढं तरी तुम्हाला माहीत असावं.

आम्ही पुण्यातले आठजण जूनमध्ये समुद्रकडे चढायला स्कॉटलंडला जातोय. ओबान बंदरातून मोठ्या बोटीने बॅरा बेटावर, पाचेक तास. तिथल्या कॅसलबे बंदरातून लहान बोटीने पॅबे आणि मिंग्युले या बेटांवर. दोन्हीकडे आता कायमची वस्ती नाही. दुकान नाही, जेटीही नाही. बोट खडकाला लागली की शिधा, तंबू, दोर सगळं हातोहात उतरवून घ्यायचं. पाणी ओढ्याचं, उकळून.

एवढ्या लांब कशाला, असं आई म्हणेल. आई, तिथले कडे थेट अटलांटिक महासागरातून वर उठलेत. मिंग्युलेवरचा सर्वांत मोठा तर २०० मीटरहून उंच आहे. खडक नाइस जातीचा, गुलाबी-करड्या पट्ट्यांचा, वय ३०० कोटी वर्षांच्या घरात. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटींचा. आपल्याकडे हात टाकायच्या आधी दगड ठोकून बघावा लागतो, मध्येच मुरमाड पट्टा नाहीतर वाळलं गवत येतं. नाइस घट्ट असतो, त्याला नीट भेगा असतात. भेगेत नट, म्हणजे धातूची लहान पाचर, बसवायचा, त्यात दोर अडकवायचा आणि मागून येणाऱ्याने तो नट काढून आणायचा. खडकात बोल्ट मारायचे नाहीत. आम्ही येऊन गेलो याची खूणही कड्यावर उरत नाही, आणि मला या चढाईत सगळ्यात जास्त हेच आवडतं.

बाबा, तुम्ही विचारलंत, दोर तुटला तर? चढाईचा दोर थोडा ताणला जातो, पडणाऱ्याचा झटका त्यात जिरतो, आणि आम्ही दोन दोर लावतो. धारदार कडेवर घासला तर मात्र दोर कापला जाऊ शकतो, म्हणून तो कसा जातोय याकडे सारखं लक्ष ठेवायचं आणि कडेवर जाड कापड घालायचं. दोराची काळजी आमच्यावर सोडा.

खरा धाक समुद्राचा आहे. या कड्यांच्या पायथ्याशी बहुतेक ठिकाणी चालत जाता येत नाही. वरून दोराने घसरत, म्हणजे रॅपलिंग करत, पाण्यालगतच्या अरुंद कपारीवर उतरायचं आणि चढूनच बाहेर यायचं. म्हणून ज्या दोराने उतरलो तो तसाच लटकत ठेवतात. चढाई जमली नाही तर त्याच दोराला जुमार, म्हणजे फक्त वरच सरकणारी पकड, लावून वर येता येतं. भरतीचं उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, तुम्हीच मला हर्णैच्या बंदरावर शिकवलंत. पण या बेटांवर वारा पडलेला असला तरी दूरच्या वादळाच्या लाटा येतात, त्यामुळे कपारीवर पाय ठेवल्याबरोबर आधी स्वतःला अँकरला, म्हणजे खडकात पक्क्या केलेल्या आधाराला, बांधायचं. लाटांच्या आवाजात वरच्याचं खालच्याला ऐकू जात नाही. सध्या रविवारी आम्ही सिंहगडाच्या कड्यावर तोंडातून शब्द न काढता चढतो. ठरलेले हिसके दोराला द्यायचे, खालच्याने तेवढेच परत द्यायचे आणि मगच पाय उचलायचा. सुरुवातीला फार अवघड वाटलं, आता जोडीदाराचा हात दोरातून कळतो.

पक्ष्यांची घरटी असलेल्या कड्यांवर आम्ही जाणार नाही. फुलमार नावाचा पक्षी घरट्याजवळ आलेल्यावर उग्र वासाचं तेल ओकतो, पण जायचं नाही ते त्याच्या पिल्लांसाठी.

मिंग्युलेवर पूर्वी गाव होतं. तिथली माणसं पक्षी आणि अंडी मिळवायला हेच कडे चढायची-उतरायची. शेवटची कुटुंबं १९१२ साली बेट सोडून गेली. होडी लावायला सुरक्षित जागा नव्हती, हे त्याचं एक मोठं कारण. समुद्र खवळला की बाहेरच्या जगाशी संबंधच तुटायचा. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवलेलं गाव तुम्ही आयुष्यभर बघितलंय, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

हे आजही बदललेलं नाही, आणि पत्र लिहिण्याचं मुख्य कारण हेच. ठरल्या दिवशी लाटा मोठ्या असल्या तर बोट येणार नाही. एक दिवस, दोन दिवस, कदाचित जास्तही. शिधा आम्ही तो हिशेब धरूनच नेतोय. तिथे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. त्यामुळे ठरल्या दिवशी माझा फोन आला नाही, तर होडी लागली नाही असं समजायचं. काही झालंच तर आमच्याकडे व्हीएचएफ रेडिओ (बिनतारी संच) आहे, तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर स्टोर्नोवेहून येतं.

बोटवाल्याचा आणि कॅसलबेच्या मुक्कामाचा नंबर दादाकडे दिलाय. चार दिवस उलटल्याशिवाय त्याला फोन करायला लावू नका. आणि बाबा, तुमची रक्तदाबाची तपासणी मी निघायच्या आधीच करून घेऊ या. पुढच्या शनिवारी मी येतेय, दापोलीला बरोबरच जाऊ. आणखी जे विचारायचं असेल ते तेव्हा विचारा, नुसतं "बरं" म्हणू नका.

तुमची,
धाकटी